नाताळचे दार : कोकणातील चांदणी, गोठा आणि ओटी

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील लोटे हे गाव आज सर्वत्र ओळखले जाते ते मुंबई-गोवा महामार्गालगत उभ्या राहिलेल्या लोटे-परशुराम औद्योगिक क्षेत्रामुळे; परंतु परशुराम घाटाच्या उत्तरेस असलेल्या या पट्ट्यात दाराचे दोन प्रकार शेजारी-शेजारी नांदतात, ही गोष्ट फारशी कोणी नोंदवत नाही. एक दार जांभ्या दगडाच्या कौलारू घराचे, ज्याच्यापुढे पडवी, पायऱ्या आणि सारवलेले खळे असते. दुसरे कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाच्या सदनिकेचे, ज्याच्यापुढे जिन्याची जेमतेम हातभर रुंद मोकळी जागा असते. दिवाळीत ही दोन्ही दारे आपापल्या ऐपतीने सजतात आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने, डिसेंबरच्या आरंभी, यांपैकी काही दारांवर पुन्हा एकदा दिवा चढतो, तो नाताळचा. या दुसऱ्या सजावटीकडे परदेशातून आलेली आणि दुकानातून विकत घ्यायची वस्तू म्हणून पाहण्याची सवय अलीकडे पडली आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांची रीत पाहिली, तर मात्र असे दिसते की नाताळचे दार येथे बांबू, पेंढा, नाचणी आणि सुरूची फांदी यांनीच घडत आले असून त्यामागचे हस्तकौशल्य आकाशकंदील बांधणाऱ्या हातांचेच आहे.

कोकणी घराचा दर्शनी भाग हा मुळातच स्वागतासाठी रचलेला असतो. खळे म्हणजे घरापुढचे चोपून-सारवून केलेले अंगण, ज्यात भाताची झोडणी होते आणि तुळशीवृंदावन उभे असते. पडवी म्हणजे उतरत्या छपराखालचा अर्धा उघडा भाग, जेथे आल्या-गेल्याला पाणी दिले जाते. आणि ओटी म्हणजे दाराच्या आतील बैठकीची जागा. या तिन्ही जागांना वर्षभर निरनिराळी सजावट मिळते. चैत्रात गुढी उभी राहते, दसऱ्याला आंब्याच्या पानांचे आणि झेंडूचे तोरण लागते, आणि आश्विनातील नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या, नाचणी-वरीची कणसे, आंब्याचे पान, झेंडू आणि कुरडूची फुले एकत्र बांधून केलेले ‘नवे’ दाराला लावले जाते. हे नवे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे, कारण शेतातून नुकतेच आलेले धान्य आधी दाराला आणि मग ताटाला, असा त्याचा क्रम असतो. घराच्या भरभराटीची घोषणा दारावर करण्याची ही पद्धत युरोपातील हिरव्या कड्यांच्या सजावटीइतकीच अर्थपूर्ण आहे आणि सौंदर्यात तर तिच्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

दाराला पवित्र मानण्याची ही वृत्ती कोकणात एकाच धर्मापुरती मर्यादित राहिली नाही. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली, म्हणजे अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांचे आगमन जोडणारे मराठीभाषक ज्यू, यांच्या चौकटीच्या उजव्या बाहीवर मेझूझा बसवलेला असतो. मेझूझा म्हणजे चर्मपत्रावर हिब्रू धर्मवचने लिहून ती गुंडाळी ज्यात ठेवतात अशी लहानशी डबी. गोव्यात आणि उत्तर कोकणात ख्रिस्ती घरांपुढे चौथऱ्यावर उभारलेला क्रूस दिसतो, आणि त्या चौथऱ्याची घडण अनेक ठिकाणी तुळशीवृंदावनाशी इतकी मिळतीजुळती असते की अंगणाची मूळ कल्पना तीच राहून तिच्या मध्यभागीची पूज्य खूण तेवढी बदलली, हे पाहताक्षणी कळते.

ख्रिस्ती वस्ती या किनाऱ्यावर कशी आली, हे थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होती. चौल आणि त्याच्या समोरचे कोरलई हेही त्याच सत्तेचे ठाणे होते, आणि कोरलईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्तुगीजमिश्रित बोली आजही बोलली जाते. गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, आणि बेथलेहेमची कथा अशा रीतीने ओवीछंदातून मराठी कानांवर पडली. खुद्द जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात प्रॉटेस्टंट मिशनचे काम १८२३ मध्ये बाणकोटला स्कॉटिश मिशनऱ्यांनी सुरू केले. आणि खेडला लागून असलेल्या दापोली तालुक्यातील करजगाव हे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जन्मगाव, ज्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि कीर्तन यांचे मराठी रूप दिले. कॅथलिक व्यवस्थेत वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये आणि सावंतवाडी हे केंद्र असलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये स्थापन झाला. टिळकांनी गाण्याच्या बाबतीत जे जाणीवपूर्वक केले, तेच सजावटीच्या बाबतीत सामान्य कुटुंबांनी कोणताही गाजावाजा न करता पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना मिळायला हवे.

नाताळच्या दाराची पहिली खूण म्हणजे चांदणी. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांना ताऱ्याने वाट दाखवल्याची कथा आहे, आणि तिची आठवण म्हणून आगमनकाळ सुरू झाला की घराच्या सर्वांत दर्शनी जागी तारा टांगला जातो. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ. त्यातील पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही येतो. गोव्यात हा तारा बहुधा बल्कांवात दिसतो. बल्कांव म्हणजे दाराबाहेर पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दगडी बैठका असलेला छपराखालचा ओटा, ज्यावर बसून संध्याकाळी रस्त्याने जाणाऱ्यांशी गप्पा होतात. रत्नागिरीकडील पडवीचा आणि या बल्कांवाचा उपयोग एकच असल्याने चांदणीची जागाही दोन्हीकडे तीच ठरते, म्हणजे छपराच्या पुढच्या वाशाखाली, जेथून ती रस्त्यावरूनही दिसते आणि आत येणाऱ्याच्या डोक्यालाही लागत नाही.

हातची चांदणी बांधण्याची कृती आकाशकंदिलाशी सख्खे नाते सांगणारी आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा काड्या घेतल्या जातात आणि पाच-पाच काड्यांचे दोन पंचकोनी तारे विणले जातात, ज्यात प्रत्येक काडी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून जाते. काड्या नेमक्या कोठे एकमेकींना छेदतात याचे गणित ठरलेले आहे : काडी १०० सेंटिमीटर लांब असेल, तर दोन्ही टोकांपासून सुमारे ३८.२ सेंटिमीटरवर छेद येतात आणि मध्ये २३.६ सेंटिमीटर उरतात. या खुणा आधीच करून ठेवल्या तर तारा वाकडा होत नाही आणि प्रत्येक टोकाचा कोन आपोआप ३६ अंशांचा येतो. दोन तारे एकावर एक ठेवून पाचही टोके सुतळीने घट्ट बांधली, आणि आतील पाच छेदबिंदूंशी वीतभर लांबीच्या आडव्या काड्या अडकवून दोन्ही तारे एकमेकांपासून दूर ढकलले, की सपाट आकृतीला पोट येते. हा ताणच चांदणीचा खरा आधार असतो, म्हणून टोकांच्या गाठी सैल राहिल्या तर कितीही चांगला कागद लावला तरी आकार टिकत नाही. कागद पतंगाचा घेतला तर प्रकाश मऊ पडतो, जिलेटिनचा घेतला तर रंग गडद दिसतो. डिसेंबरच्या पहाटे कोकणात दव पडते आणि खाऱ्या हवेने पातळ कागद सैलावतो, हे ध्यानात घेऊन छपराबाहेर टांगायच्या चांदणीला जिलेटिनच बरे.

जगात इतरत्र अशा ताऱ्यांचे वेगळे वंश आहेत. जर्मनीतील मोरेव्हियन पंथीयांच्या निस्की येथील शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या अभ्यासातून अनेक टोकांचा कागदी तारा तयार झाला, ज्याच्या प्रचलित रूपाला २६ टोके असतात, आणि तो पुढे हर्नहूट या गावाच्या नावाने प्रसिद्ध झाला. कोकणातील पाच टोकांची चांदणी त्याच्याहून साधी असली, तरी ती कोणत्याही कारखान्याविना, घरातल्या मुलांच्या हातून एका दुपारी उभी राहू शकते, आणि म्हणून तिचे मोल अधिक मानावे लागते.

युरोपातील नाताळच्या दिव्यांमागे तेथील अंधाराचे कारण आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात रात्र सुमारे १६ तासांची होते, आणि हिरवी पाने व दिवे दाराशी आणणे हा त्या दीर्घ काळोखाला दिलेला प्रतिसाद होता. रत्नागिरी जिल्ह्याच्या अक्षांशावर हीच रात्र साधारण १३ तासांची असते आणि झाडे तर वर्षभर हिरवीच असतात. त्यामुळे येथील चांदणीला ऋतूशी झगडायचे नसून तिचे काम निराळे आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी चर्चला निघालेल्यांना आणि कॅरल गात घरोघर फिरणाऱ्या गटाला कोणत्या दारी थांबायचे हे ती सांगते. दिवाळीत कार्तिकातील आकाशदिवा पितरांना वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. चांदणी ज्ञानी पुरुषांच्या वाटेची आठवण देते. दिव्याला वाटाड्या मानण्याची कल्पना या भूमीत आधीपासून असल्यानेच चांदणी येथे इतक्या सहज रुजली असावी.

चांदणीनंतरची दुसरी आणि अधिक कष्टाची सजावट म्हणजे गोठा. इटलीतील ग्रेचो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात खरी गव्हाण आणि जिवंत बैल-गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, आणि तेथून ही प्रथा कॅथलिक जगभर पसरली असे मानतात. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आहे, परंतु बैल आणि गाढव तेथे नाहीत. यशया संदेष्ट्याच्या एका वचनाच्या आधारे ते परंपरेने नंतर आणले. वसईत, गोव्यात आणि दक्षिण कोकणातील ख्रिस्ती घरांत गोठा पडवीत किंवा अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहतो, आणि काही ठिकाणी वाडी किंवा आळी मिळून तो मोठ्या प्रमाणावर मांडते. त्याची सामग्री कोकणच्या शेतीच्या वेळापत्रकाशी अगदी जुळते. भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकलेली असल्याने डिसेंबरात नवा, पिवळाधमक पेंढा घरोघर असतो. छपराला तोच पेंढा किंवा विणलेली झावळ, भिंतींना बांबूच्या कामट्या, आणि डोंगर करायला जांभ्याचे तुकडे अथवा मातीत बुडवून सुकवलेले गोणपाट, एवढे पुरते.

गोठ्यापुढची हिरवळ करण्याची रीत तर विशेष मनोहर आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उथळ ताटलीत किंवा करवंटीत माती घालून नाचणी अथवा गहू दाट पेरतात, रोज पाणी शिंपडतात, आणि दहा-बारा दिवसांत उगवलेले बोटभर रोप नाताळच्या आदल्या दिवशी गोठ्यापुढे मांडून त्याचे कुरण करतात. पोर्तुगालच्या दक्षिण भागातही धान्य उगवून बाळ येशूपुढे ठेवण्याची चाल आहे, आणि मराठी घराला तर नवरात्रातील घटाभोवतीचे रुजवण पूर्ण परिचयाचे आहे. दोन्हींत फरक प्रकाशाचा आहे : घटाचे रोप देवघराच्या अंधारात वाढते म्हणून त्यात हरितद्रव्य तयार होत नाही आणि ते उंच, पिवळसर राहते, गोठ्याचे रोप हिरवे हवे असते, म्हणून ताटली पडवीच्या कठड्यावर सकाळच्या उन्हात ठेवावी लागते.

गोठा एकाच दिवशी पूर्ण करायचा नसतो, हे या सजावटीचे सर्वांत सुंदर वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि गुरे आधी मांडली जातात, पण गव्हाण २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवली जाते आणि बाळाची मूर्ती त्यानंतरच आत येते; काही घरांत तीन ज्ञानी पुरुष गोठ्यापासून दूर, पायरीच्या टोकाशी ठेवून रोज थोडे-थोडे पुढे सरकवतात आणि ६ जानेवारीला गव्हाणीपाशी पोचवतात. अशा रीतीने पडवीतली सजावट ही रोज पुढे जाणारी कथा होते, आणि घरातील लहान मुलांना ती कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर कळते.

झाडाबद्दल मात्र कोकणाने आपला स्वतंत्र निर्णय घेतलेला दिसतो. ब्रिटनमध्ये नाताळच्या झाडाची लोकप्रियता वाढण्यास, १८४८ मध्ये एका सचित्र लंडन साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या सजवलेल्या झाडाचे चित्र आले, हे एक मोठे निमित्त ठरले. ते झाड थंड प्रदेशातील सूचिपर्णी होते, जे किनारी कोकणात वाढत नाही. येथे त्याची जागा सुरूने घेतली. गुहागरसारख्या किनाऱ्यांवर दाट दिसणारा सुरू हा वाटतो सूचिपर्णी, पण तो सपुष्प वृक्ष आहे. सुईसारखी दिसतात ती त्याची पाने नसून बारीक हिरव्या डहाळ्या असतात, आणि खरी पाने त्यांच्या पेरांवर खवल्यांएवढी उरलेली असतात. किनारी रानातील फांदी परवानगीविना तोडणे हे कायद्याच्या दृष्टीने आणि किनाऱ्याच्या दृष्टीनेही गैर आहे, कारण ही झाडे वारा आणि वाळू अडवतात. परसातील झाडाची छाटलेली फांदी कुंडीत ओल्या वाळूत रोवली, तर आठवडाभर ती ताजी राहते, आणि तेवढे पुरेसे असते.

लाल रंगासाठी युरोपीय दारावर हॉली नावाच्या झुडपाची फळे येतात. उष्ण प्रदेशात ते काम पॉइन्सेटिया करतो, ज्याला अनेक रोपवाटिकांत लालपत्ती म्हणतात. हे झुडूप मूळचे मेक्सिकोचे. तेथील अमेरिकी राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी १८२० च्या दशकात ते आपल्या देशात नेले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. त्याचा लाल भाग फुलाचा नसून फुलाभोवतालच्या पानांचा असतो, आणि रात्र लांबू लागली की काही आठवड्यांत ती पाने रंग धरतात. म्हणूनच ज्या कुंडीवर ऑक्टोबरपासून पडवीतला दिवा रात्रभर पडतो, तिची पाने डिसेंबरातही हिरवीच राहतात. नाताळला लाल पॉइन्सेटिया हवा असणाऱ्याने कुंडी आधीचे दोन महिने संध्याकाळनंतर अंधाऱ्या जागी ठेवावी. शेवंतीचा बहरही याच नियमाने येतो. पॉइन्सेटियाचा पांढरा चीक अंगाला लागल्यास काहींना खाज सुटते, तेव्हा कुंडी पायरीच्या मधोमध नको.

दारावर टांगायचे गोल हिरवे कडे अलीकडे दुकानांतून प्लास्टिकचे मिळू लागले आहे. त्याच्याशी नाते सांगणारे आगमनकड्याचे आधुनिक रूप हॅम्बर्ग येथील पाद्री योहान विखर्न यांच्याकडे जाते. त्यांनी १८३९ मध्ये अनाथाश्रमातील मुलांना नाताळ किती दिवसांवर आला हे कळावे, म्हणून गाडीच्या चाकावर रोजची लहान आणि रविवारची मोठी मेणबत्ती लावण्याची योजना केली. इतक्या जिव्हाळ्याच्या कल्पनेचे प्लास्टिकमध्ये रूपांतर होऊन ती खिळ्याला लटकावी, हे पाहून वाईट वाटते. वेताच्या किंवा बांबूच्या कड्यावर आंब्याची पाने, सुरूच्या डहाळ्या, झेंडू आणि भाताच्या लोंब्या बांधून केलेले कडे आश्विनातल्या नव्याचे सहोदर दिसेल आणि दाराला खऱ्या अर्थाने शोभेल. आंब्याचे पान जाड, मेणचट आवरणामुळे बरेच दिवस तग धरते, तरी २४ डिसेंबर ते ६ जानेवारी या काळात पाने एक-दोनदा बदलावी लागतात.

लोट्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील सदनिकेच्या दारापुढे हा सगळा पसारा मांडता येत नाही, आणि तो मांडूही नये, कारण जिना व त्याच्यालगतची मोकळी जागा ही आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट असते. तेथे पेंढा, सुकी फांदी किंवा कागदाची आरास ठेवणे धोक्याचे आहे. चौकटीवर तोरण, गॅलरीच्या गजाला चांदणी आणि दाराच्या आत लगेच एका पाटावर मावेल एवढा गोठा, ही मांडणी अशा घराला पुरते आणि तिचा अर्थ कोठेही उणा होत नाही. चांदणीत जुना तापणारा बल्ब न लावता थोड्या वॅटचा एलईडी लावावा, कारण ४० वॅटचा तापलेला बल्ब कागदाला चिकटला तर कागद करपतो. उघड्यावरच्या माळा बाहेर वापरण्याच्या प्रतीच्या असाव्यात, आणि वायरीचे जोड दवापासून झाकलेले व जमिनीपासून वर असावेत. बांधणीसाठी लोखंडी तारेऐवजी सुतळी किंवा तांब्याची तार घ्यावी, म्हणजे खाऱ्या हवेत गंजाचे ओघळ भिंतीवर येत नाहीत.

सजवलेले दार शेवटी कोणासाठी असते, याचे उत्तर गोव्यात कुन्सवाद या चालीतून मिळते. कुन्सवाद म्हणजे नाताळात शेजाऱ्यांकडे पाठवायचे फराळाचे ताट, ज्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका आणि कुलकुल असतात. हे ताट हिंदू शेजाऱ्याच्या दारीही जाते आणि चतुर्थीला किंवा दिवाळीला तिकडून करंज्या-लाडवांचे ताट उलट येते. पडवी आणि बल्कांव या जागा धर्माने वेगळ्या असलेल्या दोन घरांमधील देवघेवीच्या जागा राहिल्या आहेत, आणि दिवाळीतली रांगोळी ओलांडून येणारा शेजारी व नाताळच्या चांदणीखालून येणारा शेजारी हा बहुधा एकच असतो. प्लास्टिकच्या आरासीला याहून बळकट उत्तर कोणते असणार?

सजावट उतरवण्याचा दिवसही ठरलेला आहे. ६ जानेवारीला तीन राजांचा, म्हणजे प्रकटीकरणाचा सण येतो; गोव्यात कासावली, चांदर आणि रेइश मागूश येथे तो मोठ्या थाटाने साजरा होतो, आणि कासावलीला तीन मुले राजांच्या वेशात टेकडीवरील रेमेदियस मातेच्या कपेलात जातात. युरोपातील अनेक कॅथलिक घरांत त्या दिवशी चौकटीच्या वर खडूने नव्या वर्षाचे आकडे आणि तीन अक्षरे लिहितात, ज्यांचा अर्थ ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो असा घेतला जातो, आणि ती अक्षरे वर्षभर पुसत नाहीत. कोकणात यानंतर गोठा मोडला जातो : पेंढा गुरांपुढे जातो, नाचणीचे रोप परसात, मूर्ती कापडात गुंडाळून पेटीत. चांदणीचे मात्र फक्त कागद फाडावेत आणि आतील पाच आडव्या काड्या काढून घ्याव्यात, म्हणजे दोन्ही तारे एकमेकांवर सपाट बसतात, माळ्यावर जागा अडत नाही, आणि पुढच्या आगमनकाळात नवा कागद चिकटवला की तोच सांगाडा पुन्हा कामास येतो.